शहरांतील वेगनियंत्रण योजना : वेग खरोखर कमी होतो काय?

रस्त्यावरील अपघातांच्या कारणांची मीमांसा करू लागले की अतिवेग हे कारण सर्वप्रथम पुढे येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार सन २०२२ मध्ये भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेग या सदराखाली झालेली आहे. हे वर्गीकरण पोलिसांनी अपघातानंतर नोंदविलेल्या माहितीवर आधारलेले असते. अपघातसमयी वाहनाचा वेग प्रत्यक्ष मोजला गेलेला असतोच असे नाही. तरीही वेगाचा प्रश्न किती गंभीर आहे याची कल्पना येण्यास हा आकडा पुरेसा आहे.

या प्रश्नावर उपाय म्हणून देशोदेशींच्या नगरसंस्थांनी वेगनियंत्रणाच्या योजना हाती घेतल्या आहेत. वेगमर्यादा कमी करणे, फलक लावणे, गतिरोधक व अरुंद वळणे बांधणे, कॅमेरे बसविणे, दंडात्मक कारवाई करणे आणि लोकशिक्षणाच्या मोहिमा चालविणे हे त्यांतील प्रमुख मार्ग होत. अशा योजनांवर सार्वजनिक निधी खर्च होतो व त्यांच्या यशाचे अहवालही प्रसिद्ध होतात. परंतु योजनेमुळे वेग कमी झाला असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ते कशाच्या आधारावर सांगितले जाते हे पाहणे अगत्याचे आहे. जी योजना निरुपयोगी आहे ती उपयुक्त समजून चालू ठेवली, तर शाळेसमोरील रस्ता पूर्वीइतकाच धोक्याचा राहतो आणि तो सुरक्षित झाला आहे असा समज मात्र सर्वत्र पसरतो. म्हणून मूल्यमापनाची पद्धती समजून घेणे हे अधिकारी, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी या सर्वांचेच काम आहे.

वेग आणि धोका

वेगात थोडा फरक पडल्याने काय मोठेसे बिघडते, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर साध्या गणिताने देता येते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. समोर मूल आलेले दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर तेवढ्या अवधीत वाहन १४ मीटर पुढे गेलेले असते. कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेक लागले, तरी त्यानंतर थांबण्यास आणखी सुमारे १४ मीटर लागतात. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन मात्र विचार व ब्रेक ही दोन्ही अंतरे मिळून सुमारे १३ मीटरांत उभे राहते. याचा अर्थ असा की, ज्या जागी कमी वेगाचे वाहन पूर्णपणे थांबलेले असते, त्या जागी अधिक वेगाच्या वाहनाचा ब्रेक लागण्यास नुकतीच सुरुवात होत असते. ओल्या रस्त्यावर किंवा जीर्ण टायरांवर ही तफावत आणखी वाढते.

स्वीडनमधील संशोधक गोरान निल्सन यांनी १९८०च्या सुमारास वेग व अपघात यांतील संबंध एका सूत्रात मांडला. त्यांच्या मते प्राणघातक अपघातांचे प्रमाण सरासरी वेगाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलते. या हिशेबाने सरासरी वेग ५ टक्क्यांनी घटल्यास प्राणघातक अपघात सुमारे १९ टक्क्यांनी कमी व्हावयास हवेत. नंतरच्या काळात नॉर्वेतील रुने एल्विक यांनी अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून या सूत्राची फेरतपासणी केली. शहरी रस्त्यांवर हा घात काहीसा कमी असतो असे त्यांना आढळले, परंतु मूळ निष्कर्ष कायम राहिला. जागतिक आरोग्य संघटनेनेही सरासरी वेगात १ टक्का वाढ झाल्यास प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो असे नमूद केले आहे. तात्पर्य, वेगातील अल्प घटसुद्धा मौल्यवान असते. आणि घट अल्प असल्यामुळेच ती खरी आहे की भासमान, हे ठरविण्यासाठी मोजमाप काटेकोर असावे लागते.

मोजावयाचे काय?

योजनेचे यश दाखविण्यासाठी किती चलने फाडली गेली हा आकडा सर्रास दिला जातो. वेगाचे माप म्हणून हा आकडा विश्वासार्ह नाही. चलनांची संख्या वाढली, तर तपासणी वाढली असेल किंवा वेगही वाढला असेल. ती घटली, तर चालक सुधारले असतील किंवा यंत्र नादुरुस्त असेल अथवा कर्मचारी अन्य बंदोबस्तावर गेले असतील. फलकांची व गतिरोधकांची संख्या हीदेखील केलेल्या कामाची नोंद आहे. त्या कामाचे फळ काय मिळाले, हे त्यावरून कळत नाही.

अपघातांची संख्या हे अंतिम माप होय यात संशय नाही. परंतु एखाद्या विशिष्ट रस्त्यावर वर्षाकाठी घडणारे गंभीर अपघात सुदैवाने मोजकेच असतात. एका वर्षी तीन व पुढील वर्षी एक अशी नोंद झाली, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. म्हणून लहान क्षेत्रातील योजनेचे मूल्यमापन करताना प्रत्यक्ष वेग मोजणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

वेग मोजल्यानंतरही तो कोणत्या अंकाने व्यक्त करावा हा प्रश्न राहतो. त्यासाठी चार मापे प्रचलित आहेत. पहिले म्हणजे सर्व वाहनांचा सरासरी वेग. दुसरे म्हणजे ज्या वेगाइतक्या किंवा त्याहून कमी वेगाने शंभरातील ८५ वाहने जातात तो वेग. वाहतूक अभियंते याचा बराच उपयोग करतात. तिसरे म्हणजे वेगमर्यादा ओलांडणाऱ्या वाहनांचे शेकडा प्रमाण. चौथे म्हणजे मर्यादेच्या बरेच पुढे, उदाहरणार्थ १० किंवा २० किलोमीटरांनी अधिक वेगाने जाणाऱ्या वाहनांचे प्रमाण. ही चारही मापे एकत्र पाहावी लागतात, कारण ती एकाच दिशेने व एकाच प्रमाणात बदलतात असे नाही.

तिसऱ्या मापाबाबत विशेष सावध राहावे लागते. समजा, एका रस्त्यावर मर्यादा ताशी ५० किलोमीटर होती व ४० टक्के वाहने ती ओलांडीत होती. ती मर्यादा ४० करण्यात आली. लोकांनी वेग थोडा कमी केला, तरीही ४० ची नवी मर्यादा ओलांडणारी वाहने ६० टक्के निघू शकतील. येथे वेग घटला, परंतु नियमभंगाचे प्रमाण वाढले असे कागदावर दिसेल. हा घोटाळा टाळण्यासाठी योजनेच्या आधी आणि नंतर एकाच ठरावीक वेगाची कसोटी लावली पाहिजे. नवी मर्यादा पाळणाऱ्यांचे प्रमाण स्वतंत्रपणे द्यावे.

मोजमापातील दक्षता

दिवसा गर्दीच्या वेळी वाहनांचा वेग गर्दीच ठरविते, चालक नव्हे. अशा वेळी घेतलेल्या नोंदींवरून शहरात कोणी वेगाने जातच नाही असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात त्याच रस्त्यावर रात्री अकरानंतर परिस्थिती निराळी असते. म्हणून पुढील वाहनापासून पुरेशा अंतरावर, म्हणजे चार-पाच सेकंद मागे असलेल्या मोकळ्या वाहनांचाच वेग नोंदवावा. तसेच दिवस, संध्याकाळ व रात्र अशा तिन्ही वेळी नोंदी घ्याव्यात.

योजनेपूर्वीची व नंतरची मोजणी एकाच जागी, आठवड्याच्या त्याच वारी, त्याच वेळी व सारख्याच हवामानात झाली पाहिजे. एप्रिलमधील कोरड्या रस्त्यावरील वेगाची जुलैमधील पावसातील वेगाशी तुलना केली, तर घट दिसेलच, पण ती पावसामुळे झालेली असेल. वेग मोजणारा कर्मचारी अथवा यंत्र चालकांच्या नजरेस पडू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. गणवेशातील पोलीस दिसताच वेग कमी होतो, हा सर्वांचाच अनुभव आहे.

वाहनांची संख्याही पुरेशी असावी लागते. दोनशे वाहनांची नोंद घेतली व त्यांतील निम्मी अतिवेगाने जाताना आढळली, तर खरे प्रमाण ४३ ते ५७ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. एवढ्या नोंदींवरून तीन-चार टक्क्यांच्या घटीचा दावा करणे योग्य ठरणार नाही. दुचाकी, मोटारी, बसगाड्या व मालमोटारी यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात. दुचाकींचे प्रमाण नुसते वाढले किंवा घटले, तरी एकत्रित सरासरी बदलते.

तुलनेचा रस्ता

आधीचा व नंतरचा वेग अचूक मोजला, तरी एक शंका उरतेच. मधल्या काळात इंधनाचे दर वाढले असतील, जवळच बाजारपेठ सुरू झाली असेल, रस्त्याचे खोदकाम झाले असेल किंवा राज्यभर दंडाची रक्कम वाढली असेल. या गोष्टींचा परिणाम योजनेच्या खात्यावर जमा होऊ नये म्हणून, जेथे योजना राबविलेली नाही असा एक सारखाच रस्ता निवडून तेथेही त्याच दिवसांत मोजणी करावी लागते.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. योजनेच्या रस्त्यावर अतिवेगी वाहनांचे प्रमाण ६० टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर आले. तुलनेच्या रस्त्यावर ते ५८ वरून ५३ झाले. पहिल्या रस्त्यावर १२ अंशांची घट दिसत असली, तरी त्यांतील ५ अंश योजनेविनाही घटले असते असे मानावयास जागा आहे. म्हणून योजनेचे श्रेय ७ अंशांचे होय.

याच पद्धतीचा एक चांगला अभ्यास अमेरिकेतील बॉस्टन शहरात झाला. या शहराने ९ जानेवारी २०१७ पासून फलक नसलेल्या रस्त्यांवरील सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ३० मैलांवरून २५ मैलांवर, म्हणजे सुमारे ४८ वरून ४० किलोमीटरांवर आणली. तेथील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या संशोधकांनी बदलापूर्वी व बदलानंतर वेग मोजले आणि तुलनेसाठी मर्यादा न बदललेले शेजारच्या राज्यातील प्रॉव्हिडन्स हे शहर निवडले. प्रॉव्हिडन्समधील बदल जमेस धरल्यानंतर असे आढळले की, सरासरी वेगातील फरक नगण्य होता. वाहन ताशी २५ मैलांहून वेगाने जात असण्याची शक्यता २.९ टक्क्यांनी, ३० मैलांहून वेगाने जात असण्याची ८.५ टक्क्यांनी, तर ३५ मैलांहून वेगाने जात असण्याची शक्यता २९.३ टक्क्यांनी घटली होती. सरासरी हे एकच माप घेतले असते, तर योजना निष्फळ ठरली असती. वस्तुतः सर्वांत घातक वेगाने जाणाऱ्यांवरच तिचा सर्वाधिक परिणाम झाला होता.

सरासरीकडे परतण्याचा नियम

मूल्यमापनात सर्वांत जास्त फसवणूक ज्या गोष्टीमुळे होते, ती म्हणजे सरासरीकडे परतण्याची आकड्यांची प्रवृत्ती. वार्षिक परीक्षेत एखाद्या वर्गातील सर्वांत कमी गुण मिळालेले दहा विद्यार्थी निवडून त्यांची पुन्हा परीक्षा घेतली, तर कोणतेही विशेष अध्यापन न करताही त्यांचे सरासरी गुण थोडे वाढलेले दिसतात. पहिल्या वेळी त्यांतील काहींची प्रकृती बरी नसते, काहींना नेमके न येणारे प्रश्न आलेले असतात. दुसऱ्या वेळी तसे घडतेच असे नाही. शिक्षकांना हा अनुभव अपरिचित नाही.

रस्त्यांचेही असेच असते. ज्या चौकात गेल्या वर्षी सर्वाधिक अपघात झाले तो चौक निवडून तेथे कॅमेरा बसविला, की पुढील वर्षी अपघात कमी होतात. परंतु त्यांतील काही घट कॅमेरा न बसवताही झाली असती, कारण गेले वर्षच अपवादात्मक वाईट होते. ब्रिटनमधील राष्ट्रीय कॅमेरा योजनेच्या चार वर्षांच्या कामगिरीचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्यांच्या जागी मृत्यू व गंभीर दुखापती ४२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात म्हटले होते. मात्र त्याच अहवालास जोडलेल्या एका परिशिष्टात, शहरी भागातील काही जागांच्या बाबतीत सरासरीकडे परतण्याचा हिशेब करून पाहण्यात आला, तेव्हा दिसून आलेल्या घटीचा मोठा वाटा या प्रवृत्तीकडे गेला. कॅमेऱ्यांचा उपयोग शिल्लक राहिला, पण तो प्रथम वाटला होता त्यापेक्षा पुष्कळच कमी होता.

हा दोष टाळण्याचे उपाय कठीण नाहीत. जागेची निवड एका वर्षाच्या नव्हे, तर किमान तीन ते पाच वर्षांच्या नोंदींवरून करावी. निवड झाल्यानंतर, परंतु काम सुरू होण्यापूर्वी, वेगाची नव्याने मोजणी करावी व तीच पायाभूत धरावी. तुलनेचा रस्ताही तितकाच वाईट इतिहास असलेला निवडावा.

फलक, उंचवटे आणि कॅमेरे

वेगनियंत्रणाच्या निरनिराळ्या साधनांपैकी कोणते किती गुणकारी आहे, याविषयी ब्रिटनमधील अनुभव बोधप्रद आहे. तेथे ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर मर्यादेच्या दोन प्रकारच्या योजना राबविण्यात आल्या. पहिल्या प्रकारात ठरावीक वस्तीतील रस्त्यांवर उंचवटे, अरुंद केलेले मार्ग यांसारखी बांधकामे करून वेग सक्तीने कमी करण्यात आला. दुसऱ्या प्रकारात केवळ फलक लावून मर्यादा जाहीर करण्यात आली.

पहिल्या प्रकाराचा लंडनमधील १९८६ ते २००६ या वीस वर्षांचा अभ्यास २००९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शहरभर अपघात मुळातच कमी होत चालले होते, तो कल वजा करूनही या क्षेत्रांत अपघातग्रस्तांची संख्या ४१.९ टक्क्यांनी घटली होती. लहान मुलांच्या बाबतीत मृत्यू व गंभीर दुखापती यांतील घट विशेष मोठी होती. अपघात शेजारच्या रस्त्यांवर सरकले काय, हेही या अभ्यासकांनी तपासले. तसे घडले नव्हते. उलट लगतच्या भागातही अपघातग्रस्तांची संख्या ८ टक्क्यांनी कमी झाली होती.

दुसऱ्या प्रकाराचे मूल्यमापन ब्रिटिश परिवहन खात्याने करविले व ते २०१८ मध्ये प्रकाशित झाले. केवळ फलक लावलेल्या निवासी भागांत मध्यक वेग ताशी ०.७ मैलाने, तर शहराच्या मध्यवर्ती भागांत ०.९ मैलाने घटला. किलोमीटरांत सांगावयाचे तर ही घट सुमारे एक ते दीड किलोमीटरांची आहे. त्याआधी पोर्टस्मथ या शहराने बहुतेक सर्व निवासी रस्त्यांवर फलकांद्वारे हीच मर्यादा लागू केली होती. २०१० मधील अहवालानुसार तेथे सरासरी वेग १.३ मैलाने उतरला. ज्या रस्त्यांवर पूर्वीचा सरासरी वेग २४ मैलांहून अधिक होता, तेथे मात्र घट ६.३ मैलांची होती. अतिवेगाच्या रस्त्यांवर फलकही उपयोगी पडतात असा याचा अर्थ लावता येईल. तथापि, पहिल्या मोजणीतच जे रस्ते जास्त वेगाचे आढळले त्यांचीच ही निवड असल्याने, वर सांगितलेला सरासरीकडे परतण्याचा नियम येथेही लक्षात ठेवला पाहिजे.

कॅमेऱ्यांविषयीच्या ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१० मध्ये घेतला. निरनिराळ्या अभ्यासांत सरासरी वेग १ ते १५ टक्क्यांनी, मर्यादा ओलांडणाऱ्यांचे प्रमाण १४ ते ६५ टक्क्यांनी, तर कॅमेऱ्यांच्या परिसरातील प्राणघातक व गंभीर अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. परिणामाची दिशा सर्वत्र एकच होती. मात्र बहुतेक अभ्यासांची गुणवत्ता मध्यमच असल्याने परिणामाचा नेमका आकडा सांगता येत नाही, असेही आढावा घेणाऱ्यांनी नमूद केले.

न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली कायद्याने परवानगी मिळाल्यानंतर शाळांच्या परिसरात कॅमेरे बसविण्यात आले. मर्यादेहून १० मैलांपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्यास तेथे दंड होतो. स्थिर कॅमेऱ्यांच्या जागी असे उल्लंघन सत्तर टक्क्यांहून अधिक घटले, असे शहराच्या परिवहन विभागाने जाहीर केले आहे. ही घट लक्षणीय आहे. तथापि, ती कॅमेऱ्यानेच मोजलेली असल्यामुळे कॅमेऱ्यापुढील चौकात काय होते, हे त्यावरून कळत नाही. कॅमेरा येताच वेग कमी करावयाचा व तो मागे पडताच पुन्हा वाढवावयाचा, ही चालकांची सवय अनेक देशांत आढळून आलेली आहे. शिवाय हे कॅमेरे पूर्वी रात्री आणि शनिवार-रविवारी बंद असत. १ ऑगस्ट २०२२ पासून ते अहोरात्र चालू ठेवण्यात येऊ लागले. जेथे व जेव्हा कॅमेरा नाही, तेथील व तेव्हाचा वेग मोजल्याशिवाय अशा योजनेचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

या सर्व अभ्यासांतून एक गोष्ट निश्चितपणे दिसते. फलकाने वेग थोडासा उतरतो. रस्त्याची रचनाच बदलली, तर तो बराच व कायमचा उतरतो. कॅमेऱ्याने तो कॅमेऱ्याच्या परिसरात उतरतो. कोणत्याही योजनेचा आराखडा तयार करताना हा क्रम ध्यानात घ्यावा.

आपल्या गावी काय करता येईल?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ नुसार केंद्र सरकार कमाल वेग ठरविते. एप्रिल २०१८ मधील अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७० व दुचाकींसाठी ताशी ६० किलोमीटर अशी कमाल मर्यादा निश्चित करण्यात आली. परंतु सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे आवश्यक असेल तेथे याहून कमी मर्यादा ठरविण्याचा अधिकार त्याच कलमान्वये राज्य शासनास व त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यास आहे. २०१९ च्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १३६-अ मध्ये इलेक्ट्रॉनिक साधनांद्वारे देखरेखीची तरतूद आहे. सारांश, कायद्याचे साधन उपलब्ध आहे. प्रश्न त्याच्या परिणामाची परीक्षा करण्याचा आहे.

गतिरोधकांच्या बाबतीत भारतीय रस्ते काँग्रेसने १९८८ मध्ये मार्गदर्शक मापे प्रसिद्ध केली. गोलाकार उंचवट्याची रुंदी ३.७ मीटर व उंची १० सेंटिमीटर असावी, म्हणजे वाहने सुमारे ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सुखरूप ओलांडू शकतात, असे त्यांत सुचविलेले आहे. परवानगीशिवाय रातोरात उभारलेले अरुंद व उंच गतिरोधक या मापांत बसत नाहीत. ते दुचाकीस्वारास पाडतात व रुग्णवाहिकेतील रुग्णास इजा करतात. म्हणून गतिरोधक आहे किंवा नाही एवढेच न पाहता तो मापाप्रमाणे आहे काय, त्यावर रंगाचे पट्टे व आधी सूचनाफलक आहे काय, याचीही नोंद मूल्यमापनात घ्यावी.

वेगमापक यंत्र नसेल तेथेही मोजणी अडू नये. रस्त्याच्या कडेला परस्परांपासून १०० मीटर अंतरावर दोन खुणा निश्चित कराव्यात. विजेचे खांब किंवा झाडे यांचाही खुणांसारखा उपयोग होतो. मात्र त्यांतील अंतर टेपने मोजून घ्यावे. वाहन पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जाण्यास लागणारे सेकंद घड्याळाने मोजावेत व ३६० या संख्येस त्या सेकंदांनी भागावे. येणारा भागाकार म्हणजे ताशी किलोमीटरांतील वेग होय. १२ सेकंद लागले तर वेग ३०, ९ सेकंद लागले तर ४०, ७.२ सेकंद लागले तर ५० आणि ६ सेकंद लागले तर ६० किलोमीटर होतो. अंतर ५० मीटरच ठेवले, तर ३६० ऐवजी १८० ला भागावे लागते. परंतु त्यात घड्याळ दाबण्यातील चुकीचा परिणाम दुप्पट होतो, म्हणून शक्य तेथे १०० मीटर अंतरच घ्यावे. योजनेच्या आधी व नंतर मोजणारी व्यक्ती शक्यतो तीच असावी.

हे काम प्रौढ व्यक्तींनीच, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर व वाहनचालकांचे लक्ष जाणार नाही अशा जागी उभे राहून करावे. विद्यार्थ्यांना रस्त्यावर उभे करू नये. तथापि, गोळा झालेल्या सेकंदांवरून वेग काढणे, सरासरी काढणे व आलेख काढणे हे वर्गात बसून करता येते. गणिताच्या तासाला याहून जिवंत उदाहरण क्वचितच मिळेल.

मोजणीचे वेळापत्रक योजना मंजूर होतानाच ठरवावे. काम सुरू होण्यापूर्वी किमान दोनदा आणि काम पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांनी, एका वर्षाने व दोन वर्षांनी अशा मोजण्या कराव्यात. नव्याचे नऊ दिवस या न्यायाने पहिल्या काही आठवड्यांत सर्वच योजना यशस्वी दिसतात. पट्टे पुसट झाल्यावर, फलक झाडाआड गेल्यावर आणि कारवाई मंदावल्यावर वेग किती राहतो, हे दोन वर्षांनंतरच्या मोजणीत कळते. शेजारच्या समांतर रस्त्यावर वाहने वळली काय, हेही त्याच वेळी पाहावे.

उपसंहार

योजनेच्या खर्चाच्या मानाने अशा मोजणीचा खर्च अगदी थोडा असतो. परंतु योजना राबवून झाल्यावर ती सुचली, तर पैसे मोजूनही ती करता येत नाही. कारण पूर्वीचा वेग किती होता, हे कोणीच लिहून ठेवलेले नसते. म्हणून वेगनियंत्रणाच्या प्रत्येक प्रस्तावात पूर्वमोजणी, तुलनेचा रस्ता आणि दोन वर्षांचे मोजणीचे वेळापत्रक या तीन गोष्टींचा समावेश असावा. रस्ता सुरक्षा समितीच्या सभेत किंवा ग्रामसभेत असा प्रस्ताव आल्यास सदस्यांनी प्रथम याच तीन गोष्टींची विचारणा करावी.

मूल्यमापनात एखादी योजना निष्प्रभ ठरली, तर त्यात कोणाचा कमीपणा मानण्याचे कारण नाही. फलकांनी वेग उतरला नाही असे आकड्यांनी दाखवून दिले, तर पुढील वर्षीचा निधी उंचवट्यांकडे, पादचारी ओलांडमार्गाकडे किंवा रस्ता अरुंद करण्याकडे वळविता येतो. हे आकडे जवळ नसतील, तर तोच निधी पुन्हा फलकांवर खर्च होईल आणि शाळा सुटण्याच्या वेळी वाहने पूर्वीच्याच वेगाने जात राहतील. आपल्या गावातील किंवा प्रभागातील एक रस्ता निवडून या महिन्यातच त्याची पहिली मोजणी करणे, ही त्या दृष्टीने योग्य सुरुवात ठरेल.